श्रावणबाळ योजनेचा अर्ज: गावातल्या आजी-आजोबांचे कागद कसे जुळवाल?

पासष्टी ओलांडलेलं, हाती पैसा नसलेलं कुणी तुमच्या आळीत असेल, तर त्यांचा श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजनेचा अर्ज तुम्ही भरून द्या. महिन्याला १,५०० रुपये मिळतात. त्यात औषधगोळ्या आणि चहा-साखर तरी कुणापुढे हात न पसरता भागते.

वय ६५ पूर्ण हवं आणि महाराष्ट्रात किमान १५ वर्षं राहिलेलं असावं. शिवाय नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत हवं, नाहीतर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत. म्हणजे महिन्याला पावणेदोन हजार! ही मर्यादा फारच तोकडी आहे, ती वाढायलाच हवी. वय ६५ पेक्षा कमी, पण विधवा किंवा निराधार असतील, तर त्यांच्यासाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे.

अर्ज तहसील कार्यालयातल्या संजय गांधी शाखेत किंवा सेतू केंद्रावर द्यायचा. सोबत आधार, रेशनकार्ड, रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला किंवा दारिद्र्यरेषेच्या यादीचा उतारा, पासबुकाची झेरॉक्स आणि फोटो.

खरं घोडं अडतं ते वयाच्या पुराव्यावर. आजींना शाळा माहीत नाही, जन्माची नोंद नाही. विचारलं तर "दुष्काळात लगीन झालं, तवा न्हाती-धुती होते" एवढंच सांगतात. अशा वेळी मतदार यादीतला किंवा रेशनकार्डावरचा वयाचा उतारा चालतो. तोही नसेल तर ग्रामीण रुग्णालयातून वयाचा दाखला काढा. आधारवर वय कमी लागलं असेल, तर ते आधी दुरुस्त करून घ्या.

दुसरी अडचण अंगठ्याची. जन्मभर खुरपं धरून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, मशीन ठसा घेत नाही. दहाही बोटं लावून बघा, हात धुवून-पुसून पुन्हा लावा. नाहीच जमलं तर डोळ्यांच्या बुबुळावरून ओळख पटवायची सोय आहे का, ते विचारा. पैसे डीबीटीने, म्हणजे सरकारकडून थेट बँक खात्यात येतात, म्हणून खातं आधारला जोडलेलं आहे ना, हे बँकेत जाऊन स्वतः पाहा.

अर्ज दिला की पोच घ्या आणि जपून ठेवा. मंजुरीनंतर दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो राहिला तर पैसे थांबतात. अंथरुणाला खिळलेल्यांच्या बाबतीत तलाठ्यांना आधीच सांगून ठेवा.

आणि मुलंच सांभाळत नसतील तर? आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या २००७ च्या कायद्याखाली प्रांत कार्यालयात निर्वाहाचा अर्ज करता येतो, वकील लागत नाही. कुठून सुरुवात करावी कळत नसेल, तर १४५६७ या मोफत ज्येष्ठ नागरिक हेल्पलाइनला आजींच्या शेजारी बसून फोन लावा.