परदेश आधी बंदरावर आला

रत्नागिरी-देवगडकडे हापूसच्या बागेत राखणीला नेपाळी कुटुंब ठेवणं आता नेहमीचं झालं आहे. मिरकरवाड्याच्या बोटींवरही नेपाळी खलाशी दिसतात. राखणदारांची मुलं जिल्हा परिषदेच्या शाळेत जातात आणि बघता बघता मराठी बोलू लागतात. त्याच बाकावर शेजारी बसणाऱ्या मुलाला मात्र नेपाळीचे चार शब्दही येत नाहीत. विद्यार्थ्यांना आंतरराष्ट्रीय अनुभव कसा द्यायचा, अशी चर्चा निघाली की मला तो बाक आठवतो.

या किनाऱ्याला परकी माणसं नवी नाहीत. रशियन व्यापारी अफनासी निकितिन १४६९च्या सुमारास चौललाच उतरला. पोर्तुगीज तिथून १७४० साली गेले, पण रेवदंड्यासमोरच्या कोर्लईत त्यांच्या भाषेची मराठीत मुरलेली बोली अजून घराघरांत आहे. बोलणारे तिला ‘नौ लिंग’, म्हणजे आपली भाषा, म्हणतात. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आपले पूर्वज आले, असं बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, सांगत आले. तेलाचा घाणा शनिवारी बंद, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं. आडनावं पेणकर, रोहेकर, किहीमकर. १९४८ नंतर त्यांतले बहुतेक इस्रायलला गेले, तेही मराठी घेऊन.

शिक्षणात मात्र यातलं काहीच जमेस धरलं गेलं नाही. परदेशाचा अनुभव म्हणजे बोटीने विलायतेला जाणं. दापोलीजवळच्या मुर्डीचे र. पु. परांजपे १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले आले, हा मान मिळवणारे पहिले भारतीय. त्यांना मुंबईत शिकायला ठेवून घेणारे मुरुडचे धोंडो केशव कर्वे स्वतः परदेशी निघाले ते १९२९ साली, सत्तरी ओलांडल्यावर. जिनिव्हात त्यांनी भारतातल्या स्त्रियांच्या उच्च शिक्षणाच्या प्रयोगावर भाषण केलं, पुढे डेन्मार्कमधल्या शिक्षक परिषदेत ते बसले. मला हा प्रवास फार मोलाचा वाटतो, कारण तो नुसता घेण्याचा नव्हता, देण्याचाही होता.

पुढे सरकारी योजना आल्या. अमेरिकेची फुलब्राइट शिष्यवृत्ती १९४६ची. भारताशी तिचा करार १९५० साली झाला. युरोपात १९८७ साली विद्यार्थ्यांना एकमेकांच्या देशांत शिकायला पाठवणारी इरॅस्मस सुरू झाली, पहिल्या वर्षी ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी. पण गेल्याने समज येतेच असं नाही. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ सालीच मांडलं होतं की नुसत्या संपर्काने पूर्वग्रह जात नाहीत. बरोबरीचा दर्जा, एकच ध्येय, सहकार्य आणि संस्थेचा पाठिंबा लागतो.

न जाणाऱ्यांचं काय, हा प्रश्न स्वीडनमधल्या माल्मो शहरात विचारला गेला. गाव गोदीचं, स्थलांतरितांनी भरलेलं. विद्यापीठ १९९८ साली उघडलेलं, परदेशी विद्यापीठांशी ओळखीपाळखी नाहीत. तेव्हा विद्यापीठातल्या बेंग्ट निल्सन यांनी शहरातल्याच परक्या घरांकडे मोर्चा वळवला. परदेशी न जाणाऱ्या विद्यार्थ्यालाही घरच्या घरी जगाचा अनुभव मिळावा, ही कल्पना तिथे आकाराला आली.

आपल्याकडे २०२०चं शैक्षणिक धोरण आणि परदेशी विद्यापीठांबरोबरच्या संयुक्त पदव्यांचे २०२२चे नियम आले, त्यांचा रोख विद्यापीठांवर आहे. दापोली, खेड, मंडणगडच्या वर्गांत वडील कुवेत-दुबईला असलेली मुलं कितीतरी. केरळी, फिलिपिनो सोबत्यांबरोबर एका खोलीत दहा वर्षं कशी काढली, ते वर्गात येऊन सांगा, असं सुट्टीवर आलेल्या अशा एखाद्या वडिलांना शाळेने म्हटल्याचं अजून माझ्या ऐकण्यात नाही.