थकलेली टी सेल आणि टी-रेग: दोघी गप्प, पण कारण वेगळं

क्रॉनिक हेपॅटायटिस बी म्हटलं की "इम्युनिटी कमी पडली" असं बोलून लोक मोकळे होतात, पण लिव्हरमध्ये डोकावलं तर टी सेल नावाच्या रोगप्रतिकारक पेशींचे दोन वेगळेच प्रकार दिसतात आणि त्यांची गल्लत शिकलेसवरलेलेही करतात.

एक्झॉस्टेड, म्हणजे थकलेली, टी सेल ही मुळात मारेकरी, सीडी८ वाली (सीडी८, सीडी४ या पेशीच्या अंगावरच्या ओळखखुणा). व्हायरस शिरलेली लिव्हरची पेशी ओळखायची आणि मारायची, एवढंच तिचं काम. पण समोर व्हायरसचे तुकडे वर्षानुवर्षं येतच राहिले की ती ढेपाळते, तेही एकदम नाही, साधारण ठरलेल्या क्रमाने, म्हणजे पेशी जे निरोप्या रेणू सोडते त्यातलं आधी आयएल-२ (टी सेलना वाढवणारं) बनवणं बंद, मग टीएनएफ आटतं आणि इंटरफेरॉन गॅमा सगळ्यात शेवटी जातं. अंगावर पीडी-१, टिम-३ असे ब्रेक चढतात ते वेगळंच.

टी-रेग, म्हणजे रेग्युलेटरी टी सेल, मात्र अजिबात थकलेली नसते, ती ड्युटीवरच असते, फक्त ड्युटी बाकीच्यांना आवरायची. सहसा सीडी४ वाली, आत फॉक्सपी३ हे तिला टी-रेग बनवणारं प्रथिन (जपानी शास्त्रज्ञ शिमोन साकागुचींना २०२५ चं नोबेल मिळालं ते याच पेशींच्या कामासाठी). बाकीच्यांना शांत करणारं आयएल-१० सोडते, आजूबाजूचं आयएल-२ स्वतःच गट्टम करते, मग मारेकरी पेशी उपाशी.

घोळ कुठे होतो, तर पीडी-१ दोघींवरही सापडतं, आणि नुकत्याच खडबडून जाग्या झालेल्या धडधाकट टी सेलवरही! त्यामुळे नुसतं पीडी-१ बघून "थकली" म्हणणं मला तरी पटत नाही. त्यापेक्षा पेशी काढून बघा ना. पेशंटच्या रक्तातल्या टी-रेग लॅबच्या डिशमधून बाजूला केल्या की उरलेल्या टी सेल व्हायरसच्या तुकड्यांवर जास्त जोरात तुटून पडतात. थकलेल्या काढून तसं होत नाही, त्या कुणाला फारसं अडवतच नव्हत्या.

बरं, व्हायरस गेला की थकवाही जातो का? पूर्ण नाही. हेपॅटायटिस सी आता बहुतेकांचा ८ ते १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो, तरी थकलेल्या पेशींच्या डीएनएच्या गुंडाळीवर पडलेल्या थकव्याच्या खुणा बऱ्याचशा तशाच राहतात.

आणि टी-रेगला व्हिलन करू नका हां. हेपॅटायटिस बी चा व्हायरस स्वतः लिव्हरची पेशी सहसा मारत नाही, मारतो तो आपलाच हल्ला, त्यामुळे लगाम सुटला की एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) भडकतं. कॅन्सरसाठी पीडी-१ अडवणारं औषध सुरू करण्याआधी हेपॅटायटिस बी ची टेस्ट करतात ती उगीच नाही.