‘चॅलेंज व्होट’चा तो मेसेज खोटा आहे

मतदार यादीत नाव नसेल तर आधार दाखवा, ‘४९ अ’खाली ‘चॅलेंज व्होट’ मागा, मतदान करता येतं. हा मेसेज प्रत्येक निवडणुकीला मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर फिरतो. असं काही नाही. निवडणूक संचालन नियम, १९६१ मधला ४९ अ हा नियम मतदानयंत्राच्या रचनेबद्दल आहे. ‘चॅलेंज’ असतं, पण ते उमेदवाराचा प्रतिनिधी २ रुपये भरून समोरच्या मतदाराच्या ओळखीला देतो. तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल, तर ‘प्रदत्त मत’ कागदी मतपत्रिकेवर देता येतं. त्यासाठीही नाव यादीत हवंच. आणि १४ टक्के प्रदत्त मतं पडली की फेरमतदान, असंही त्या मेसेजात असतं; तो नियमही कुठेच नाही.

मतदार ओळखपत्र खिशात असणं आणि यादीत नाव असणं वेगळं. पुनर्विकासात चाळ पाडली, बिऱ्हाड गोरेगावहून विरारला गेलं, की इथेच घोळ होतो. मतदार सेवा पोर्टलवर ओळखपत्राचा क्रमांक टाकून नाव आजच शोधा. नाव नसेल तर नमुना ६, पत्ता बदलला असेल तर नमुना ८, दोन्ही मोबाइलवरूनच भरता येतात. उमेदवारी अर्जांची मुदत संपली की त्या निवडणुकीसाठी नवं नाव घालता येत नाही.