विक्रांत नेमकी कोणत्या युद्धाची?

युद्धनौकांच्या यादीत प्रत्येक वर्ग, म्हणजे एकाच आराखड्यावर बांधलेल्या नौकांचा गट, तो ज्या युद्धात लढला त्या युद्धाच्या नावाखाली टाकावा का? विक्रांतचंच बघा. १९७१ च्या डिसेंबरात विमानवाहू नौका आयएनएस विक्रांतवरून झेपावलेल्या सी हॉक आणि अलिझे विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाव इथल्या पाकिस्तानी ठाण्यांवर हल्ले केले. त्यामुळे आपल्या लेखी ही नौका कायमची एकाहत्तरच्या युद्धाची. तिची बांधणी मात्र १९४३ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झाली, दुसऱ्या महायुद्धासाठी.

मॅजेस्टिक वर्गातल्या सहा नौकांपैकी ती एक. विमानवाहू नौका तातडीने हव्या होत्या, म्हणून यांचं बरंचसं बांधकाम व्यापारी जहाजांच्या पद्धतीने झालं. त्या युद्धापुरत्या टिकल्या तरी पुरे, असा हिशेब होता. युद्ध संपलं तेव्हा सहापैकी एकही पूर्ण झालेली नव्हती! भारताने १९५७ मध्ये अर्धवट नौका विकत घेतली, बेलफास्टच्या गोदीत ती पूर्ण झाली आणि १९६१ मध्ये नौदलात आली. मधल्या काळात जेट विमानं आली होती, म्हणून तिला तिरकी धावपट्टी आणि वाफेवर चालणारं कॅटापल्ट, म्हणजे विमानाला वेग देऊन उडवणारं यंत्र, मिळालं. सांगाडा चाळीशीच्या दशकातला, धावपट्टी पन्नाशीतली, लढाई सत्तरीतली.

म्हणून नौका कोणत्या युद्धात लढली एवढ्यावरून वर्गाचा काळ ठरवणं मला चुकीचं वाटतं. वर्ग ठरतो आराखड्यावर, आणि आराखड्यात त्या वेळची भीती, पैसा आणि करार उतरलेले असतात. आयएनएस दिल्ली घ्या. लिअँडर वर्गातली ही क्रूझर, म्हणजे मध्यम आकाराची वेगवान युद्धनौका, १९३३ मध्ये ‘अकिलीस’ नावाने ब्रिटिश नौदलात सेवेत आली. त्या काळी नौदल करारांनी क्रूझरचं वजन आणि तोफांचा व्यास यांवर मर्यादा घातल्या होत्या. तिच्या सहा इंची आठ तोफा समजून घ्यायच्या तर हे करार पाहावे लागतात. १९३९ मध्ये रिव्हर प्लेटच्या लढाईत ती जर्मन युद्धनौका ‘ग्राफ श्पे’शी भिडली, १९४८ मध्ये भारताकडे आली आणि १९६१ मध्ये पोर्तुगीजांविरुद्धच्या दीवच्या मोहिमेत तिने तोफा डागल्या. तिला ‘महायुद्धकालीन’ म्हटलं तर ज्या शांततेने तिला घडवलं ती नोंदीतून निसटते, आणि दीवही.

माझ्या मते यादीत प्रत्येक वर्गापुढे आराखड्याचा काळ आधी लिहावा. मोठे फेरबदल आणि लढलेली युद्धं त्यानंतर, वेगवेगळी नोंदवावीत. अमेरिकेच्या आयोवा वर्गाला तर याशिवाय पर्यायच नाही: दुसऱ्या महायुद्धातल्या या युद्धनौकांपैकी मिझुरी आणि विस्कॉन्सिन यांनी १९९१ मध्ये इराकवर टोमाहॉक क्षेपणास्त्रं सोडली, आणि त्याच युद्धात आपल्या मूळच्या सोळा इंची तोफाही चालवल्या.