लाख आणि उरुशी: चकाकी सारखी, जात वेगळी

जपानी नक्षीदार पेट्यांना आपल्याकडे सर्रास ‘लाखेच्या पेट्या’ म्हणतात. त्यांत लाख औषधालाही नसते; त्यांच्यावर थर असतो तो उरुशीचा.

लाख किड्यापासून मिळते. पळस, कुसुम, बोर यांच्या कोवळ्या फांद्यांवर हे किडे रस शोषत बसतात आणि अंगाभोवती राळेचं कवच तयार करतात. ते खरवडून, वितळवून, गाळून घेतलं की चपडा लाख तयार. ती उष्णतेनं मऊ होते आणि स्पिरिटमध्ये विरघळते. सुतारांचं जुनं पॉलिश यावरच चालायचं. सावंतवाडीच्या कातकामात फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात. घर्षणानं ती वितळून लाकडावर पसरते आणि गार होताच घट्ट बसते. पुन्हा तापवली तर पुन्हा मऊ.

उरुशी हा झाडाचा चीक. आंबा, काजू आणि बिब्बा यांच्याच कुळातलं हे झाड. बिब्बा उतलेला ज्यानं पाहिलाय त्याला उरुशीच्या कारागिरांच्या हातांवरचे फोड समजावून सांगावे लागणार नाहीत. सालीला चिरा पाडून चीक थेंबथेंब गोळा करतात. दहा-पंधरा वर्षं वाढवलेलं झाड एका हंगामात जेमतेम २०० ग्रॅम देतं आणि त्यानंतर बहुधा तोडलं जातं.

खरी गंमत वाळण्यात आहे. ओली वस्तू आपण कोरड्या हवेत ठेवतो. उरुशीला मात्र ७० ते ८५ टक्के दमट हवेच्या कपाटात ठेवावं लागतं. त्या दमट हवेत चिकातलं एक विकर (एन्झाइम) ऑक्सिजनच्या साहाय्यानं रेणू एकमेकांत गुंफतं. एकदा घट्ट झालेली उरुशी उष्णतेनं वितळत नाही, स्पिरिटलाही दाद देत नाही. म्हणून जपानात उरुशीच्या वाटीत गरम सूप वाढतात. लाखेवर तो प्रयोग करू नये. उरुशीचा खरा शत्रू ऊन.

पेट्यांवरची सोनेरी नक्षी म्हणजे मकी-ए. ओल्या उरुशीनं चित्र काढायचं, त्यावर सोन्याची पूड भुरभुरायची, आणि काही प्रकारांत वर आणखी थर देऊन कोळशानं घासायचं. जपानी चित्रकार ओगाता कोरिननं (१६५८–१७१६) केलेली लेखनसाहित्याची पेटी टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. शिंपल्याची आयरिसची फुलं आणि शिशाच्या पट्ट्यांचा पूल. तो पूल झाकणावरून थेट बाजूंवर उतरतो, कडेला थांबत नाही. तीनशे वर्षांपूर्वीची ही वस्तू मला पुष्कळ ‘आधुनिक’ फर्निचरपेक्षा धीट वाटते.

युरोप या पेट्यांवर भाळला. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिच्याकडेही त्यांचा संग्रह होता. पण उरुशीचं झाड तिकडे नव्हतं, म्हणून तिथले कारागीर लाखेचं व्हार्निश चढवून नक्कल करत. त्याचं नाव ‘जपानिंग’, माल भारताकडचा! आजचा बराचसा घोटाळा इथूनच सुरू झाला. नकलेत फुलं-पक्षी हुबेहूब आले, चकाकीही आली. पण पाण्याच्या तळाशी पाहावं तशी काळ्या थराची खोली काही आली नाही.

ती खोली पुढे एका आयरिश बाईनं कमावली. फर्निचरची रचनाकार आयलीन ग्रे (१८७८–१९७६) पॅरिसमध्ये सेइझो सुगावारा या जपानी कारागिराकडे उरुशी शिकली. हातांवर फोड आले, तरी काम सोडलं नाही. सुरुवातीच्या तिच्या घडीच्या लाकडी पडद्यांवर माणसांच्या आकृत्या आहेत. १९२० च्या दशकात त्या गेल्या आणि उरले उरुशीचे नुसते चौकोनी तुकडे, धातूच्या दांड्यांवर ओवलेले आणि फिरणारे. नक्षी नाही, सोनं नाही. पुढे १९२६ ते १९२९ मध्ये तिनं फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर ई-१०२७ हे घर बांधलं आणि त्यात पोलादी नळ्यांचं फर्निचर ठेवलं. तिचा साधेपणा पोलादातून आला असं समजलं जातं. मला मात्र तो आधीच्या त्या काळ्या तुकड्यांत, नळ्या हाती येण्यापूर्वीच, दिसतो.