घरकोंबड्यांच्या जिभेवर लिंबाचे चार थेंब

थंडी पडली की जळगावकडे शेताशेतांत भरीत पार्ट्या सुरू होतात. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, सगळं गणगोत जमवायचं, रात्री उशिरापर्यंत गप्पा. आणि घरातलं एक माणूस दरवेळी म्हणतं, ‘तुम्ही जाऊन या, मी घरीच बरा.’ लगेच शिक्के तयार: घरकोंबडा, शिष्ट, माणूसघाणा. हल्ली त्यात ‘डिप्रेशन’चीही भर पडली आहे. मला हे फार खटकतं. घर आवडण्यामागे पुष्कळदा मेंदूची जडणघडण असते, आणि ती प्रयोगांनी तपासता येते.

अंतर्मुख आणि बहिर्मुख ही विभागणी मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंगने १९२१ साली मांडली. मानसशास्त्रज्ञ हान्स आयसेंकने १९६७ मध्ये ती थेट शरीराशी जोडली. मेंदूच्या खोडात चेतापेशींचं एक जाळं असतं. कान, डोळे, त्वचा यांच्याकडून वर जाणाऱ्या संदेशांचे फाटे त्यात शिरतात आणि हे जाळं मेंदूच्या बाह्यकाला, म्हणजे त्याच्या बाहेरच्या थराला, जागं, सावध ठेवतं. सावधपणा फार कमी झाला तर कंटाळा येतो, फार वाढला तर डोकं भणभणतं. आयसेंकचं म्हणणं असं, की अंतर्मुखांमध्ये हे जाळं लवकर चेततं. चार माणसांतच त्यांचं माप भरतं. बहिर्मुखाला त्यासाठी चाळीस लागतात.

याची गमतीदार चाचणी लिंबाची. दोन्ही टोकांना कापूस असलेल्या काडीला बरोबर मधोमध दोरा बांधायचा. एक टोक जिभेवर धरायचं. मग जिभेवर लिंबाच्या रसाचे चार थेंब टाकून दुसरं टोक तेवढाच वेळ धरायचं. काडी दोऱ्यावर टांगली की जास्त लाळ सुटलेल्याची ती एका बाजूला झुकते. १९६०च्या दशकातल्या प्रयोगांत अंतर्मुखांना सरासरीने जास्त लाळ सुटली. सरासरीने, हे महत्त्वाचं. एकट्यादुकट्याचा स्वभाव काडीवरून ठरवू नये. पुढच्या मोजमापांत आणखी एक दुरुस्ती झाली: शांत बसलेले असताना दोघांच्या मेंदूत फारसा फरक दिसत नाही, तो दिसतो आवाज, चव असं काही उद्दीपन आल्यावर.

मानसशास्त्रज्ञ रसेल गीनचा १९८४चा प्रयोग मला सर्वांत आवडतो. पाठांतराचं काम करताना कानावर पडणारा आवाज ज्याने त्याने निवडायचा होता. अंतर्मुखांनी कमी आवाज निवडला, बहिर्मुखांनी जास्त. आपापल्या आवाजात दोघांचं काम सारखंच चांगलं झालं आणि नाडीचे ठोकेही जवळपास सारखे पडले. आवाजांची अदलाबदल केल्यावर मात्र दोघांचंही काम बिघडलं. लग्नघरात अभ्यास न होणारी मुलगी आणि सामसूम खोलीत पेंगणारा तिचा भाऊ, दोघांनाही हे लागू आहे.

अबोल मुलाला ‘बाहेरचं’ झालं म्हणून उतारा टाकणं थांबायला हवं. चार प्रश्नांत स्वभाव सांगणाऱ्या मोबाईलवरच्या चाचण्याही त्याच पंक्तीतल्या.

आवड आणि अडचण मात्र वेगळी ओळखावी. मे महिन्यात भुसावळचा पारा ४५च्या वर गेला की सगळेच घरात बसतात, त्याला कोणी आवड म्हणत नाही. तसंच, ज्याला भरीत पार्टीला जायचं आहे, पण लोक काय म्हणतील या भीतीने छाती धडधडते, घाम फुटतो, तो घरकोंबडा नव्हे. ती सामाजिक भीती आहे. तिच्यावर मानसोपचारतज्ज्ञांकडे उपचार आहेत: विचार आणि वर्तन बदलण्याच्या पद्धती, गरज पडल्यास औषधं.