गेटवरचा ले-ऑफ आणि लॅपटॉपवरचा ले-ऑफ

'ले-ऑफ' हा शब्द आमच्या घरात मी चौथीत असल्यापासून आहे. वडील औरंगाबादच्या चिकलठाणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात फिटर होते. पहिल्या पाळीला डबा घेऊन निघायचे आणि कधीकधी नऊच्या आत परत दारात उभे असायचे. आई विचारायची, "आज पण ले-ऑफ?" ते नुसती मान हलवायचे. डबा भरलेला तसाच असायचा, दुपारी तो आम्ही सगळे मिळून खायचो. गल्लीतले आणखी सहा-सात जण त्याच वेळी परतलेले असायचे, त्यामुळे कुणाला काही लपवावं लागत नव्हतं. कच्चा माल आला नाही, वीज नाही, तयार माल उचलला गेला नाही, जे कारण असेल ते गल्लीला ठाऊक असायचं. माल आला की सगळे पुन्हा कामावर.

माझ्या भाच्याच्या तोंडून तोच शब्द मी २०२३ साली ऐकला, तेव्हा त्याचा अर्थ पार बदलला होता. पुण्यातल्या एका आयटी कंपनीने त्याला काढलं होतं, कायमचं. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत आज पुण्याहून येणाऱ्या फोनची धास्ती असते. ती समजून घ्यायची तर या एका शब्दाचे दोन अर्थ आणि त्यांच्या मधली वर्षं बघावी लागतात.

औद्योगिक विवाद कायदा १९४७ चा. त्यात ले-ऑफ आणि कपात यांची व्याख्या १९५३ मध्ये आली. कापड गिरण्यांत माल साचून राहिला होता, कामगारांवर घरी बसायची पाळी आली होती, म्हणून सरकारने आधी वटहुकूम काढला आणि मग कायदा केला. या कायद्याप्रमाणे, आणि २०२५ मध्ये त्याच्या जागी आलेल्या संहितेप्रमाणेही, ले-ऑफ म्हणजे तात्पुरतं काम नसणं. नाव हजेरीपटावर राहतं, कामगाराने ठरल्या वेळी हजेरी द्यायची, आणि नोकरीचं वर्ष भरलेलं असेल तर मूळ पगार व महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई घ्यायची. माणूस कायमचा काढणं ही वेगळी गोष्ट, तिला कपात म्हणतात. कपातीसाठी महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय नोकरीच्या दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा पगार द्यावा लागतो. साधारणपणे सगळ्यात शेवटी लागलेला आधी जातो, आणि पुन्हा भरती निघाली तर काढलेल्याला आधी विचारायचं असतं.

म्हणजे आज ज्याला आपण सर्रास ले-ऑफ म्हणतो, ती खरं तर कपात आहे. ही अदलाबदल मला किरकोळ वाटत नाही. कपात म्हटलं की नोटीस कुठाय, भरपाई किती, माझाच नंबर का, हे प्रश्न पाठोपाठ येतात. 'ले-ऑफ झाला' म्हटलं की पाऊस पडला म्हटल्यासारखं होतं, त्यात कुणी काही केलेलं नसतं.

आता मराठवाड्याकडे येऊ. इथे कारखाना उशिरा आला. औरंगाबादेत १८८९ मध्ये सुरू झालेली सूतगिरणी सुमारे ७०० माणसांना काम देत होती. निजामाच्या काळातच नांदेडला उस्मानशाही मिल उभी राहिली. १९७४ च्या राष्ट्रीयीकरणात औरंगाबाद आणि नांदेडच्या गिरण्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेल्या आणि पुढे बंद पडल्या. मुंबईच्या गिरणी संपाची आठवण सगळा महाराष्ट्र काढतो. नांदेडच्या मिलचा भोंगा मात्र नांदेडकरांच्याच आठवणीत राहिला.

खरी औद्योगिक वस्ती एमआयडीसीची. महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झालं. १९६४ पासून राज्य सरकारने मुंबई-ठाणे-पुण्याबाहेर जाणाऱ्या उद्योगांना सवलती द्यायला सुरुवात केली. चिकलठाणा वसलं, मग वाळूज. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि त्याच्यामागे सुटे भाग करणाऱ्या लहान-मोठ्या शेडची रांग लागली. याच सुमारास, १९८४ मध्ये, राज्यातला प्रादेशिक असमतोल मोजणाऱ्या दांडेकर समितीचा अहवाल आला आणि 'अनुशेष', म्हणजे विकासातली मागे राहिलेली तूट, हा शब्द मराठवाड्याच्या तोंडी कायमचा बसला.

वाळूजला कामाला आलेली माणसं गंगापूर-पैठणपासून जालना, बीड, परभणीपर्यंतची. १९७२ चा दुष्काळ अनेकांच्या घराने भोगलेला. त्या दुष्काळातून घरोघर एक हिशेब पक्का झाला होता, एक पोरगं रानात आणि एक कंपनीत. कंपनीतल्याच्या पगारावर बी-बियाणं यायचं, बोअर पडायचा, बहिणीचं लग्न उरकायचं. मराठवाड्यात कंपनीची नोकरी म्हणजे पाऊस नाही पडला तरी येणारं पीक. म्हणून इथे नोकरी गेली की पगार घेणाऱ्या एकट्याचंच नुकसान होत नाही, त्याच्या भावाची पेरणी अडते. शहरात बसून कपातीचे आकडे वाचणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही.

वाळूजच्या पिढीला तात्पुरत्या ले-ऑफपेक्षा जास्त भीती होती ती 'ब्रेक'ची. बारा महिन्यांत २४० दिवस काम भरलं की कायद्याने सलग नोकरी धरली जाते आणि कायम होण्याचा दावा सांगता येतो. त्यामुळे सात महिने झाले की ब्रेक, म्हणजे नोकरीत मुद्दाम पाडलेला खंड. पुन्हा नवं कार्ड, कधी दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर, मशीन तेच. वाळूजजवळच्या रांजणगाव शेणपुंजीत एका खोलीत चार-पाच जण राहायचे, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येकाच्या ब्रेकची तारीख गोल केलेली मी पाहिली आहे. त्या गोलाची धास्ती हीच आजच्या अस्वस्थतेची आजी म्हणायला हरकत नाही. माणसाला वर्षानुवर्षे तात्पुरतं ठेवणं ही महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात अनुचित कामगार प्रथा आहे. त्याच्या जोरावर औद्योगिक न्यायालयात लढून कायम झालेलेही आहेत, पण लढायला दम लागतो, आणि वकिलाची फी.

मोठ्या कारखान्यांना १९७६ पासून कपातीआधी सरकारची परवानगी लागू लागली. मोठा म्हणजे किती, याची मर्यादा आधी ३०० कामगारांची होती, १९८२ च्या दुरुस्तीने ती १०० वर आणली. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने ती परत ३०० केली, आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. पैठण रोडवरच्या चितेगावात ज्यांनी व्हिडिओकॉनमध्ये उमेदीची वर्षं घालवली, त्यांना २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेल्यावर या मर्यादांचा काय उपयोग झाला असता? परवानगी मागणारा मालकच उरला नव्हता.

मग शिक्षण. १९८३ पासून राज्यात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजं निघाली. लातूर पॅटर्नने बारावीचे मार्क वाढवले. पण शिकलेल्या पोरांना सामावून घेईल एवढी आयटी ना औरंगाबादेत उभी राहिली, ना लातूर-नांदेडला. पोरं गेली पुण्यात, हिंजवडीला, खराडीला. शुक्रवारी रात्री वाकडच्या पुलाजवळ लातूर-नांदेडच्या ट्रॅव्हल्सची वाट बघत पाठीवर सॅक अडकवून उभी असलेली पोरं बघा, मराठवाड्याची एक अख्खी पिढी तिथे सापडेल. दीड-दोन एकर विकून फी भरलेल्या घरांतली बरीच त्यात असतात. माझ्या मेव्हण्यांनीही कळंबजवळचं दीड एकर त्यासाठीच काढलं.

आयटीत कपातीची लाट २००८ च्या मंदीत आली होती, पण ती ओसरली आणि लोक विसरले. २०२२ च्या शेवटी सुरू झालेली मात्र थांबायला तयार नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये मेटाने ११ हजार माणसं काढली, जानेवारी २०२३ मध्ये गुगलने १२ हजार, मायक्रोसॉफ्टने १० हजार, अॅमेझॉनने १८ हजारांचा आकडा सांगितला. तेव्हा आपल्याकडचे लोक म्हणत होते, ते अमेरिकेचं आहे. जून २०२५ मध्ये टीसीएसने प्रोजेक्टविना बेंचवर राहण्याची मर्यादा वर्षाला ३५ दिवसांवर आणली आणि जुलैत मनुष्यबळाच्या सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांच्या आसपास माणसं कमी करण्याचं जाहीर केलं. टीसीएस म्हणजे सरकारी नोकरीच्या खालोखाल, असं मानून पोरी दिलेल्या भागात ही बातमी घराघरात वाचली गेली.

या कपातीत गेटवर यादी लागत नाही. एचआरचा कॉल येतो, पंधरा मिनिटांचा. राजीनामा टाकला तर अनुभवाचं पत्र नीट मिळेल, नाहीतर टर्मिनेट करू, पुढे अडचण येईल, असं सांगितलं जातं. पोरगं राजीनामा टाकतं. आणि राजीनामा टाकला की कागदावर कपात उरतच नाही, म्हणून नोटिशीचा प्रश्न नाही, १५ दिवसांच्या हिशेबाचा नाही. शिवाय इंजिनिअर हा कायद्याने कामगार ठरतो का, हे त्याच्या प्रत्यक्ष कामावरून प्रत्येक प्रकरणात सिद्ध करावं लागतं. पुण्यातली 'नाइट्स' ही आयटी कर्मचाऱ्यांची संघटना अशा तक्रारी कामगार खात्यापर्यंत नेते. ते काम मोलाचं आहे, पण सही करण्याआधी तिच्याकडे जाणारे थोडे.

भाच्याने सही केली आणि तो गावी आला. घरी सांगितलं, वर्क फ्रॉम होम आहे. कंपनीचा लॅपटॉप परत करायचा होता, कुरिअरवाला गावात येत नाही, म्हणून 'मित्राला द्यायचाय' सांगून कळंबला जाऊन पाठवून आला. पाठवण्याआधी त्याने त्यावरचं तुळजाभवानीचं स्टिकर नखाने खरवडून काढलं होतं. नंतर रोज दहा ते सात माडीवरच्या खोलीत स्वतःचा जुना लॅपटॉप उघडून बसायचा. अर्ज करायचा, बाकी वेळ नुसता बसायचा. वहीत हप्त्यांचा हिशेब मांडलेला होता, घराचा, गाडीचा. खाली ओसरीवर लोक त्याच्या स्थळांबद्दल बोलत असायचे. मला त्याने तिसऱ्या महिन्यात सांगितलं, "मामा, आईला कळू देऊ नका. तिला वाटंल मी काहीतरी चूक केली."

पाचव्या महिन्यात त्याने वडिलांना सांगितलं, मी तिथे होतो. मेव्हणे बराच वेळ काही बोलले नाहीत. आधी वाळूजला सहा वर्षं ठेकेदाराकडे काढलेला माणूस, शेताबद्दल बोलतील असं मला वाटत होतं. त्यांनी विचारलं, "मग तुझ्यासोबतच्या पोरांचं काय झालं?"

त्याला माहीत नव्हतं. त्या दिवशी त्या मजल्यावरून किती जण गेले, हे त्याला आजही माहीत नाही.